पाणी दिलं, ऐकलं

“पाणी देणाऱ्यानं ओरडून सांगायचं आणि दुसऱ्यानं ओरडून ‘ऐकलं’ म्हणायचं, एवढं पाळलं की बॉयलर कुणाच्या वाटेला जात नाही.”

लग्न होऊन आठवडाही झाला नसेल तेव्हा बॉयलरवाला हे बोलला होता. नव्या बायकोने विचारलं होतं, तुम्ही कारखान्यात नेमकं करता काय? दुसऱ्या कुणी अशा वेळी चार गोष्टी वाढवून सांगितल्या असत्या. याने हे एक वाक्य सांगितलं आणि मान खाली घालून पुन्हा जेवायला लागला. तिला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. पुढे संसार मुरला तेव्हा तिला कळलं की या माणसाला चेष्टा येत नाही, आणि जे सांगायचं होतं ते त्याने त्या दिवशीच सांगून टाकलं आहे.

कारखाना कापड रंगवायचा. मागच्या अंगाला बॉयलरची खोली, भिंती वाफेने पिवळ्या पडलेल्या, आत कायम एक जाड घोंघाट. बॉयलरच्या पोटावर काचेची उभी नळी होती आणि तिच्यात पाण्याची रेघ दिसायची. रेघ फार खाली गेली तर बॉयलर फुटणार. फार वर गेली तर पाणी वाफेबरोबर पाइपात घुसणार आणि सगळी इमारत धडाधड हादरणार. खोलीत कामाला दोघे असत. एकाने पाणी दिलेलं दुसऱ्याला ठाऊक नाही, आणि त्यानेही चांगल्या मनाने दिलं, की घात. म्हणून त्याच्या उस्तादाने ही रीत घालून दिली होती. व्हॉल्व्ह उघडणारा ओरडायचा, “पाणी दिलं.” दुसरा असेल तिथून ओरडायचा, “ऐकलं.” हे उत्तर येईपर्यंत पहिल्याने हात व्हॉल्व्हवरून काढायचा नाही.

ती रीत त्याच्या कपड्यांतल्या वासासारखी त्याच्याबरोबर घरी आली. जेवताना ती त्याच्यापुढे पेला ठेवायची आणि गमतीने म्हणायची, “पाणी दिलं.” तो वर न बघता म्हणायचा, “ऐकलं.” कडाक्याचं भांडण झालेलं असो, अबोला असो, हे चुकायचं नाही. मुलगी लग्न करून दूरच्या शहरात गेली त्या दिवशी त्याचा घसा पार बसला होता, तरी ओठ हलले. या घरात लाडाकोडाचं बोलणं म्हणून एवढंच होतं, आणि दोघांचं त्यावर भागलं होतं.

मग कारखान्याने नवं यंत्र आणलं. कपाटाएवढं, पांढरं, गुळगुळीत. लागेल तेवढं पाणी ते आपलं आपण घ्यायचं, कुणाला सांगत नसे; कोपऱ्यात एक हिरवा दिवा लागायचा, बस. दोघांच्या खोलीत एकही नको झाला. बॉयलरवाला घरी बसला. पाळीच्या वेळेला उठायचा, अंघोळ करायचा आणि अंगणात खुर्ची टाकून फाटकाकडे बघत राहायचा. शेजारचा शिंपी खिडकीतून मशीन थांबवून विचारायचा, “काय बॉयलर, धरली का वाफ?” हा हसायचा. त्या हसण्यात हवा नसायची. ती स्वयंपाकघरातून बघायची आणि तिच्या मनात यायचं, एवढा मोठा आवाज ऐकत जगलेला माणूस, आता याला काय ऐकू येत असेल?

काम त्याला परत मिळालं ते तिच्या आजारपणाने. तिची मूत्रपिंडं गेली. एक दिवसाआड हॉस्पिटलात जायचं, हाताला यंत्राच्या नळ्या जोडून पडायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि पिळलेल्या फडक्यासारखं घरी यायचं. हॉस्पिटल गावाबाहेर, लांबलचक चढाच्या पलीकडे. सुरुवातीला भाड्याची गाडी ठरवली होती. ती पहाटेची फेरी चुकवायला लागली. एकदा तर तिची वाट बघत बायको उंबऱ्याशी बसून राहिली, अंगात पाणी साचून श्वास लागला, ओठ निळे पडले. तेव्हा मुलाने आपल्या कारखान्यातल्या एका मित्राची जुनी गाडी मिळवली. मुलाची पाळी पहाटेचीच, सून दवाखान्यात पट्ट्या बांधायच्या कामावर. गाडी चालवायला राहिला बॉयलरवाला.

त्याच्या अंगात जीव आला. निघायच्या आधी तो बॉनेट उघडायचा. आत कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, पांढुरका प्लास्टिकचा डबा, त्यावर रेघ. तो वाकून रेघ बघायचा आणि खिडकीशी येऊन तिला सांगायचा, “रेघेवर आहे.”

“बरं झालं बाई,” ती म्हणायची. “नाहीतर मला ढकलायला उतरावं लागलं असतं.”

तिची खाट त्या खिडकीलाच लागून होती. तिच्या प्यायच्या पाण्यावर बंधन आलं होतं. दिवसाचं पाणी एका छोट्या बाटलीत, तेच पुरवून पुरवून. तिला कधी कधी वाटायचं, आता घरात आपण आणि ती गाडी, दोघींचीच रेघ सगळे बघतात.

मुलगी फोनवर म्हणाली होती, तेव्हा फोन मोठ्या आवाजावर होता आणि सगळे खोलीत होते. “हे बघ, गाडी चालतेय तोवर मी काही बोलत नाही. पण ज्या दिवशी ती रस्त्यात बसेल ना, त्या दिवशी आईला मी इकडे आणणार. माझ्या घरासमोर हॉस्पिटल आहे. चालत नेईन.”

“आणि बाबा?” मुलाने विचारलं.

 “माझ्याकडे एकच खाट मावते रे. तुला घर माहितीये.”

त्यात मुलीचं काही चुकत नव्हतं. बॉयलरवाला उठून गाडी पुसायला गेला. त्या दिवसापासून घरात गाडीविषयी वाईट बोलायचं नाही असं कुणी न ठरवता ठरून गेलं. दुसरी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. तेही कुणी काढलं नाही.

त्यानंतर केव्हातरी, एका दुपारी तो झोपला असताना, सुनेने अंगणात बॉनेट उघडलेलं तिने खिडकीतून पाहिलं. सुनेच्या हातात गुलाबी पाण्याची बाटली होती. सून आत वाकली, ओतलं, मग चटकन खिडकीकडे वळून बघितलं. खाटेवर तिने डोळे मिटून घेतले. झोपल्यासारखा श्वास सोडला. पोरगी किती जपते आपल्याला, असं तिच्या मनात आलं.

काही दिवसांनी मुलगा. त्याच्या हातात हिरवी बाटली. त्यानेही ओतून झाल्यावर खिडकीकडे पाहिलं, आणि तिने पुन्हा डोळे मिटले.

मग एका सकाळी बॉयलरवाला स्वतः. अंगणातल्या नळाखाली त्याने मग भरला, बॉनेटपाशी नेला. हा आता ओरडणार, तिला वाटलं. उभ्या आयुष्यात याने न सांगता पाणी दिलेलं नाही. “ऐकलं” म्हणायला तिने तोंडही उघडलं होतं. त्याने मग रिकामा केला, ओठ घट्ट मिटले आणि खिडकीकडे पाहिलं. ती डोळे मिटून पडून राहिली. थोड्या वेळाने तो खिडकीशी आला.

“रेघेवर आहे.”

“बरं,” ती म्हणाली.

तिघांचं हे असं बरेच दिवस चाललं. तिघांचीही एकमेकांना चुकवायची वेळ तिला पाठ झाली होती. ती खाटेवर पडून ते बघायची, आणि यंत्राला बांधलेल्या तिच्या त्या दिवसांत तेवढंच एक ऊबदार असायचं.

गेल्या खेपेला चढावर गाडीच्या तापमानाचा काटा वर जायला लागला. तो तांबड्या पट्ट्यात शिरला तसा बॉयलरवाल्याने गाडी कडेला घेतली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती, गोडसर, शिसारी आणणारा वास होता तिला. त्याने झाकणाला हात लावला नाही. तापलेलं झाकण उघडायचं नसतं, थांबायचं असतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. दोघं दगडावर बसून राहिली. बाजूने गाड्या जात होत्या.

“थंडी वाजते का?” त्याने विचारलं.

“नाही. तुम्ही घरी सांगणार आहात?”

तो वाफेकडे बघत राहिला. “धुऊन काढतो आतून,” तो म्हणाला. “जुनं कूलंट झालंय. सगळं काढून नवं भरलं की होईल.”

गाडी निवल्यावर डब्यात पाणी घालून ते पोचले. नर्स रागावली, उशिरा का आलात. बॉयलरवाला म्हणाला, रस्ता खराब होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याने अंगणात काम मांडलं. गाडी गार होती. कपडे धुवायचं जुनं घमेलं रेडिएटरखाली सरकवलं, शेजारी बादल्या, फनेल, पक्कड, नव्या कूलंटचा डबा आणि बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याचे कॅन. कारखान्याचा जुना निळा शर्ट त्याने कपाटातून काढून घातला होता. ती खिडकीत उशीला टेकून बसली. मुलगा आणि सून दोघंही काही ना काही निमित्ताने अंगणात घुटमळत होती.

शिंप्याने खिडकीतून मान काढली. “काय बॉयलर, आज गाडीची अंघोळ?”

“पोट साफ करतोय.”

“माझंही करा नंतर. पक्कड नका वापरू फक्त.”

सून हसली. बॉयलरवालासुद्धा हसला, आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा त्या हसण्यात वाफ होती. त्याने वरचं झाकण काढलं, खाली हात घालून पाणी काढायची तळाची चक्री फिरवली.

काहीच आलं नाही.

त्याने चक्री पूर्ण काढली. भोकातून आधी एक गाठ लोंबली, तपकिरी, शेंबडासारखी, मग ती तुटून घमेल्यात पडली आणि तिच्यामागून गढूळ, दाट पाणी गचके खात यायला लागलं. त्याने दोन बोटांत ते चोळलं. नाकाशी नेलं. बोटं शर्टाला पुसली आणि पुन्हा घमेल्यात बुडवली, जणू पहिल्या वेळी बोटांनी खोटं सांगितलं असावं.

“इतकं घाण होतं का बाबा ते?” सुनेने विचारलं.

“होत नाही,” तो म्हणाला.

मुलाने घमेल्यात पाहिलं आणि नजर काढून घेतली.

मग धुणं सुरू झालं. रेडिएटरमध्ये साधं पाणी भरायचं, गाडीतला हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा म्हणजे पाणी कानाकोपऱ्यात फिरतं, इंजिन चालू करून वरचा जाड पाइप हाताला चटका देईपर्यंत थांबायचं. मग बंद करायचं, निवू द्यायचं, काढायचं. पुन्हा भरायचं. सुनेने बादल्या आणल्या, मुलाने आत बसून किल्ली फिरवली. काढलेलं पाणी बॉयलरवाल्याने झाकणाच्या डब्यांत भरून ठेवलं. “गोड असतं हे. कुत्रं येऊन चाटतं आणि मरतं.” ऊन भिंतीवरून खाली उतरलं, अंगणभर पसरलं. दर वेळी तपकिरी पाणी थोडं पातळ येई, तरी तपकिरीच. हीटर पूर्ण गरमवर असूनही आतली हवा गारच होती. म्हणजे आतल्या बारीक नळ्या त्या चिकाने बुजलेल्या होत्या.

एकदा निवायची वाट बघताना तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. खालच्या पाइपाची क्लिप सैल होती. तिच्याभोवती वाळलेल्या थेंबांचा थर होता. त्या थरात तिला खिडकीतून काही दिसलं नाही. पण त्याचा आवाज गाडीखालून आला.

“गुलाबी आहे,” तो म्हणाला. मग जरा वेळाने, “हिरवंही आहे. दोन जाती एकत्र आल्या की असा चिक धरतो.”

 शिंप्याचं मशीन चालू होतं.

“स्क्रू-ड्रायव्हर दे,” तो म्हणाला. मुलाने वाकून दिला. क्लिप आवळायला त्याला किती वेळ लागला? तिने उशीवरचा हात उचलून केसांवरून फिरवला, तेवढ्यात तो बाहेर आलाही होता. गळती होती ती एवढीच होती. कुणी एकदा म्हटलं असतं की पाणी कमी होतंय, तर त्याने तेव्हाच खाली सरकून ती आवळली असती. पण त्याला रेघ खाली दिसली ती जराशीच, आपल्या एका मगाने भरून निघेल एवढी; बाकी वेळी डबा कुणीतरी भरून ठेवलेला होता. रेघ शहाण्यासारखी जागेवर होती.

पाणी अखेर स्वच्छ यायला लागलं. त्याने नवं कूलंट आणि शुद्ध पाणी सारखं सारखं मिसळून हळूहळू ओतलं. हवा निघावी म्हणून पाइप हाताने दाबले. हे सगळं तो इतक्या मायेने करत होता की तिला बघवेना. झाकण उघडंच ठेवून त्याने मुलाला खूण केली. इंजिन चालू झालं.

तोंडाशी बुडबुडे आले. सुरुवातीला येतातच, अडकलेली हवा निघते. तो वाकून थांबला. बुडबुडे येत राहिले. इंजिन तापलं तरी येत राहिले, भातासारखे, एका लयीत, आणि नवं कूलंट तोंडावरून उतू जायला लागलं. त्याने इंजिन बंद करायला लावलं. मग इंजिनावरचं ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून पाहिलं. आतल्या बाजूला साय धरली होती. पिवळट, मऊ साय. ऑइलमध्ये पाणी शिरलं होतं. चिकाने बुजलेली गाडी आतल्या आत इतकी तापली होती की ऑइल आणि पाणी वेगळं ठेवणारी आतली पट्टी फाटली होती.

“हेड गॅसकेट गेलं असेल,” मुलगा हळूच म्हणाला. “बसवून घेऊ की.”

“नुसती पट्टी नाही, वरचं हेडच वाकलंय,” तो म्हणाला. “इंजिनात राहिलं नाही काही.”

त्याने ते झाकण पुसून परत बसवलं. नीट, घट्ट. मग हात धुतले आणि घरात येऊन टेबलाशी बसला. मुलगा आणि सून मागोमाग आली. ती खाटेवरून उठून भिंतीचा आधार घेत टेबलापाशी गेली.

“पाणी कुणी दिलं?” त्याने विचारलं. आवाज चढला नव्हता.

सुनेने पदर नसलेल्या खांद्यावर उगाच हात फिरवला. “मी दिलं बाबा. डबा खाली गेलेला दिसला एकदा. दुकानदाराने गुलाबी दिलं. मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही काळजी कराल.”

“मीपण,” मुलगा म्हणाला. “हिरवं. पंपावर मिळालं ते. तुम्हाला सांगितलं असतं तर घरात विषय निघाला असता, मग ताईचा फोन…” त्याने वाक्य सोडून दिलं. “मला काय माहीत हिने गुलाबी घातलंय.”

“म्हणजे माझ्यावर आलं का?”

“कुणावर आलं म्हणतंय कोण?”

“मी नळाचं दिलं,” बॉयलरवाला म्हणाला.  “मी पण सांगितलं नाही.”

तो हाताच्या रेषांत अडकलेला तपकिरी चिक नखाने काढत होता. तिला वाटलं, आता गप्प राहिलं तरी चालेल. याला कधी कळायचं नाही. पण तिच्याच्याने राहवेना.

“मी बघत होते,” ती म्हणाली. “तिघांनाही.”

त्याने मान वर केली. “तिघांना?”

“खिडकीतून. ओतून झालं की तुम्ही सगळे माझ्याकडे बघायचात. मी डोळे मिटायचे.”

“सगळ्या वेळेला?”

“हो. मला छान वाटायचं हो. रंगाचं मला काय कळतंय.”

 मुलगा उठला आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेला. दार ओढलेलं होतं, तरी भिंत पातळ होती. “हं, ताई… नाही, आई बरी आहे. गाडी गेली… नाही, नाही होणार आता… हो. उद्याच. पहाटेची गाडी आहे, मी सोडायला येतो… एकच बॅग. औषधं वेगळी देतो.” मग बराच वेळ नुसतं हं, हं. सून उठून सासूच्या कपड्यांच्या कपाटाकडे गेली आणि ते न उघडता तशीच उभी राहिली.

बॉयलरवाला सकाळपासून पाणी प्यायला नव्हता. तिने भिंत धरून माठापर्यंत जाऊन पेला काठोकाठ भरला. आणताना थोडं टेबलावर सांडलं. पेला तिने त्याच्यापुढे ठेवला. बोलावं की नाही, क्षणभर तिला कळेना. मग, त्याने आयुष्यभर जे चुकवलं नाही ते आज चुकवणार नाही या भरवशावर, ती म्हणाली, “पाणी दिलं.”

आणि वाट बघत उभी राहिली.

त्याने पेल्याकडे पाहिलं. सांडलेलं पाणी निळ्या बाहीने पुसलं. मग टेबलावर दोन्ही हात टेकून तो उठला, दाराशी चपलांत पाय सरकवले, आणि तोंडातून चकार शब्द न काढता बाहेर निघून गेला.